बी मागावे कुणाकडे? गावठी अन्नव्यवहाराविषयी वाचकांचे प्रश्न

गोव्यातील गावांत पिकणारे, पकडले जाणारे आणि रानातून आणले जाणारे अन्न ज्या ओळखीपाळखीतून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते, तिच्याविषयी काही शंका असल्यास लिहून पाठवाव्यात, अशी विनंती आम्ही गेल्या अंकात केली होती. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी भाववाढीविषयी तक्रार करणारी होती. ती सध्या बाजूला ठेवली आहेत. माहिती कुणी कुणाला द्यावी, का द्यावी आणि दिली नाही तर काय करावे, असे विचारणारी पत्रे इथे घेतली आहेत. पत्रांचा मजकूर संक्षिप्त केला असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या पंचायतीत झालेल्या एका कार्यशाळेत पाहुण्या वक्त्यांनी ‘सामाजिक भांडवल’ हा शब्द पुन्हा पुन्हा वापरला आणि शेतकऱ्यांनी ते वाढवावे, असा उपदेश केला. गावात ज्याच्या ओळखी जास्त त्याचे काम लवकर होते, हे आम्हांला नवे नाही. त्याला आम्ही वशिला म्हणतो. मग या शब्दात वेगळे काय आहे? (एक वाचक, मये, डिचोली)

उत्तर : वशिला हाही सामाजिक भांडवलाचाच एक प्रकार आहे, हे आधी मान्य केलेले बरे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिए यांनी या कल्पनेची मांडणी केली ती याच अंगाने : ज्याच्या ओळखी मातब्बर, त्याला त्या ओळखी पैशाप्रमाणे वापरता येतात आणि पुढच्या पिढीलाही देता येतात. दुसरी बाजू त्याहून जुनी आहे. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात ग्रामीण शाळांचे पर्यवेक्षक असलेले एल. जे. हॅनिफन यांनी १९१६ मध्ये हा शब्द वापरला तो शेजाऱ्यांमधील सद्भाव, येणेजाणे आणि परस्परांविषयीची आस्था या अर्थाने. पुढे रॉबर्ट पुटनम यांनी इटलीतील प्रादेशिक सरकारांचा वीस वर्षे अभ्यास केला आणि जिथे लोक एकत्र येऊन काही करण्याला सरावलेले आहेत, तिथे सरकारही बऱ्यापैकी चालते, असा निष्कर्ष काढला.

वशिल्याचा लाभ दोघांपुरता राहतो आणि त्याची किंमत रांगेत उभ्या असलेल्या तिसऱ्याला मोजावी लागते. बाजारातील ओळखीचे तसे होत नाही. मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी चालू असताना म्हापशाच्या बाजारात थोडा वेळ उभे राहून ऐकावे. गिऱ्हाईक बाई सुक्या मिरचीची मूठ उचलते, एक मिरची मोडून वास घेते आणि भाव विचारते. विकणारी भाव सांगते, आणि पैसे हाती पडल्यावर वर आणखी एक वाक्य बोलते : “हिला अजून दोन उन्हे दाखवा, देठाकडे ओल आहे; तशीच भरलीत तर श्रावणात बुरशी धरेल.” या वाक्याचे तिने पैसे घेतलेले नाहीत. शिवाय ते तिच्याच मालातील उणीव सांगणारे आहे. तरीही ती ते बोलते, कारण ही बाई पुढच्या मे महिन्यात पुन्हा येणार आहे, आणि आली नाही तर तिची जाऊ तरी येणार आहे. पर्यटकाला ती हे सांगणार नाही. ज्या नात्यात असे वाक्य आपसूक निघते, ते नाते म्हणजे या व्यवहारातले भांडवल. आणि या अंकातील पुढच्या सगळ्या प्रश्नांचे मूळही तिथेच आहे, कारण माहिती देणाऱ्याला परत काही मिळण्याची वाट बंद झाली की हे जादा वाक्य सर्वांत आधी बंद होते.

प्रश्न : आमची शेती तेरेखोल नदीच्या काठाला आहे आणि बांध फुटल्यापासून तिच्यात खारे पाणी शिरते. आजोबा कोरगुट हे खारे पाणी सोसणारे जुने भात लावत असत. वडील जया आणि ज्योती या वाणांकडे वळले आणि घरचे बी संपले. जुन्या वाणांचे बी मिळावे म्हणून आम्ही व्हॉट्सॲपवर गट काढला. आता त्यात ‘बी आहे का’ असे विचारणारेच पुष्कळ आहेत. ज्यांच्याकडे बी आहे ते दोघे-तिघे आणि तेही गप्प असतात. हा गट कसा चालवावा? असे बी एकमेकांना देणे कायद्यात बसते का? (एक शेतकरी, पेडणे)

उत्तर : कायद्याचे आधी सांगतो, कारण ते थोडक्यात सांगता येते. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ याच्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातील बी राखून ठेवण्याचा, पुन्हा पेरण्याचा, दुसऱ्याला देण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. संरक्षित वाणाचे बी ब्रँडचे नाव लावून विकण्यास तेवढी मनाई आहे. कोरगुट, आसगो, मुणो, दामगो यांसारखे पिढीजात वाण आपसांत देण्याघेण्यात काहीही आड येत नाही.

आता गटाविषयी. बी देणारे गप्प का झाले, हे त्यांच्या बाजूने पाहावे. कापणीपूर्वी शेतात फिरून चांगल्या ओंब्या निवडणे, त्या वेगळ्या झोडणे, बी वेगळे वाळवणे, उंदीर आणि टोके यांपासून सात-आठ महिने जपणे, एवढे केल्यावर पाच किलो बी एखाद्या अनोळखी माणसाच्या हाती द्यायचे, आणि बदल्यात पडद्यावर जोडलेले दोन हात यायचे. बी रुजले की नाही, खाऱ्या पाण्यात तगले की नाही, यांपैकी काहीच त्याला कळत नाही. विचारणाऱ्याला विचारण्यासाठी काही खर्च येत नाही आणि सांगणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी येतो. असा गट काही महिन्यांत थंडावतो, यात नवल नाही.

म्हणून माझी सूचना अशी की परतीचा नियम आधी ठरवावा आणि तो बी हाती देण्यापूर्वीच दोघांनी मान्य करावा. एक माप बी नेले तर कापणीनंतर दीड माप परत करायचे; ते मूळ देणाऱ्याला द्यावे किंवा तो सांगेल त्या तिसऱ्याला. परत आलेल्या धान्याहूनही अधिक मोलाची आहे ती परत आलेली खबर. नेणाऱ्याने हंगामाअखेर एवढे कळवलेच पाहिजे : पेरणी कधी केली, खारे पाणी किती दिवस शेतात राहिले, पीक लोळले का, आणि भेसळीची झाडे किती निघाली. अशा नोंदी चार-पाच शेतांतून दोन-तीन वर्षे आल्या की कोणते बी कोणत्या जमिनीत चालते, याची जी माहिती गटाकडे जमेल ती कुठल्याही दुकानात मिळणार नाही. देणाऱ्याला ती हवी असते. त्याचे स्वतःचे एकच शेत असते, आणि तुमच्या खबरीमुळे त्याला दुसरी चार शेते पाहिल्यासारखे होते.

गटाचा आकारही पाहावा. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की नोकरीची नवी बातमी माणसाला जिवलग मित्रांकडून कमी आणि जुजबी ओळखीच्या लोकांकडून जास्त मिळते, कारण जिवलगांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. तुमचा मोठा गट शोध घेण्यासाठी उत्तम आहे. कुणाकडे काय आहे, एवढे तिथे विचारावे. प्रत्यक्ष देवाणघेवाण मात्र दहा-बारा जणांच्या लहान गटात ठेवावी, ज्यांना एकमेकांच्या शेतात चालत जाता येईल. भात हे बहुतांशी स्वपरागीभवनाचे पीक असल्यामुळे शेजारच्या वाणाने ते फारसे बिघडत नाही. भेसळ होते ती मळणीच्या जागी, पोत्यांत आणि मळणीयंत्राच्या पोटात राहिलेल्या दाण्यांमुळे. ओंब्या बाहेर पडल्यावर एकदा आणि कापणीपूर्वी एकदा अशी शेतात फेरी मारून उंचीने, रंगाने किंवा कुसांनी वेगळी दिसणारी झाडे उपटली, तर बी शुद्ध राहते. ही फेरी गटाने मिळून मारावी. एका सकाळी चौघे जण शेतात उतरून ‘हे आपले नव्हे’ म्हणत झाडे उपटतात तेव्हा नवख्याला जे समजते, ते लिहून पाठवता येत नाही.

बी देण्यापूर्वी शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवावेत. ८० पेक्षा कमी रुजले तर ते बी म्हणून देऊ नये. नव्या भाताच्या दाण्याला काही काळ सुप्तावस्था असते, म्हणून ही चाचणी कापणी झाल्याबरोबर करू नये. ती वैशाखात, पेरणीच्या तोंडावर करावी. जुने गोव्यातील एला येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थेकडेही चौकशी करावी. तिथल्या शास्त्रज्ञांनी क्षार सोसणारे ‘गोवा धान १’ आणि ‘गोवा धान २’ हे वाण कोरगुटातूनच निवड करून काढले आहेत. कोरगुट उंच वाढून लोळते आणि उतारा कमी देते, ही तुमच्या वडिलांची अडचण खरी होती, हेही लक्षात ठेवावे.

प्रश्न : आमच्या गावच्या खाजनातील मानस (बांधातील पाण्याचे दार) वर्षानुवर्षे सांभाळणारे गृहस्थ वारले. त्यांच्या मुलांना ते काम येत नाही आणि नको आहे. उरलेल्या जाणत्या लोकांच्या मुलाखतींचे चित्रीकरण करावे, असे आमच्या युवक मंडळाने ठरवले आहे. एवढ्याने हे ज्ञान टिकेल का? (युवक मंडळाचा एक सदस्य, चोडण)

उत्तर : चित्रीकरण जरूर करावे, पण तेवढ्याने मानस चालणार नाही.

ज्या वाचकांनी खाजन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर जमीन अशी आहे की जी भरतीच्या पातळीखाली असून नद्यांच्या काठचे मातीचे बांध तिला खाऱ्या पाण्यापासून राखतात. बांधात मानस असते. तिच्या फळ्या भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. पावसाळ्यात आतले गोडे पाणी बाहेर जाऊ द्यायचे, नदीचे खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही, आणि ओहोटीबरोबर बाहेर निघणारी मासळी जाळ्यात धरायची, अशी ही एकाच वेळी भात आणि मासे देणारी रचना आहे.

फळ्या आपोआप मिटतात, तर मग माणसाचे काम काय? तुमच्या गावच्या त्या गृहस्थांना अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, ओहोटी लागल्यावर बांधावरून चालताना बहुतेकांनी पाहिले असेल. नदी उतरली की बांधाच्या आतल्या अंगाला कुठे ओलसर डाग दिसतो का, हे ते पाहत असत. डाग म्हणजे कुर्लीने (खेकड्याने) पोखरलेले बीळ. त्या दिवशी ते ओंजळभर चिखलाने बुजते. पुढच्या उधाणापर्यंत राहिले तर त्यातून धार लागते, आणि त्यानंतरच्या उधाणात तिथे भगदाड पडते. कोणती ओल दवाची आणि कोणती बिळाची, हे बुटाच्या तळव्याला कळत नाही, अनवाणी पायाला कळते. कॅमेऱ्यासमोर बसून हे सांगा म्हटले तर जाणता माणूसही ‘बघून कळते’ एवढेच म्हणेल, आणि तो काही लपवत नसेल.

हे ज्ञान आजवर टिकले ते लोकांच्या स्मरणशक्तीमुळे नव्हे. ते काम करणाऱ्याला मोबदला होता आणि न करणाऱ्यावर गावाचा डोळा होता. गावकरी ही बांधबंदिस्ती करणारी संस्था पोर्तुगीजांच्या आधीपासूनची आहे. पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशिया याने १५२६ मध्ये तिच्या चालीरीती सनदेत नोंदवल्या त्या तुमच्याच तिसवाडीतल्या गावांच्या. पुढे पोर्तुगीज अमलात गावकरीची कोमुनिदाद झाली. गोवामुक्तीनंतर १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्यांना संरक्षण मिळाले, आणि बांधांची जबाबदारी कूळ संघांकडे आली. कूळ कायदा न्यायाचाच होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण जमीन पडीक ठेवून कूळ मुंबईला किंवा आखातात गेले तरी ते संघाचे सदस्य राहिले आणि बांधावर चालणाऱ्याला द्यायचा मोबदला मात्र कुणाच्याच डोक्यात राहिला नाही. मानशीतील मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होते; ती घेणाऱ्याला मासे हवे असतात, भात नव्हे. फळ्या थोड्या उघड्या ठेवून खारे पाणी आत घेतले की मासळी वाढते आणि शेत नासते, हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणजे ज्ञान आहे, आणि ते शेताच्या विरुद्ध वापरले जात आहे.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते अशाच सामायिक संसाधनांच्या अभ्यासासाठी. जिथे देखरेख करणारा माणूस वापरकर्त्यांना जबाबदार असतो आणि नियम मोडणाऱ्याला चुकीच्या प्रमाणात, पायरीपायरीने वाढत जाणारा दंड होतो, तिथे अशा व्यवस्था दीर्घकाळ टिकतात, असे त्यांना अनेक देशांत आढळले. तुमच्या मंडळाने म्हणून कूळ संघाकडे जाऊन दोन मागण्या कराव्यात. पावणीच्या अटींत फळ्या कोणत्या महिन्यांत पूर्ण बंद राहतील, हे लिहून घ्यावे आणि ते तपासण्याचा अधिकार कसणाऱ्या कुळांतील दोघांना द्यावा. पावणीच्या रकमेतून दोन तरुणांना मोबदला देऊन, उरलेल्या जाणत्या माणसाबरोबर एक पूर्ण वर्ष प्रत्येक उधाणाला बांधावर पाठवावे. जाणत्यालाही त्याचा वेगळा मोबदला द्यावा, कारण फुकट शिकवण्याची अपेक्षा आपण फक्त शेतकऱ्यांकडूनच करतो. त्या दोघांनी वही ठेवावी आणि कोणत्या तिथीला कुठे ओल दिसली, हे तीत लिहावे. चित्रीकरण त्या फेऱ्यांचे करावे. बैठकीतल्या मुलाखती नंतर घेता येतील.

प्रश्न : आमच्या महिला गटाने पावसाळी रानभाज्या आणि अळमी (रानातील अळंबी) यांची माहिती गोळा करण्याचे ठरवले आहे. तायकिळा, कुड्डूक, किल्ल यांविषयी सगळ्याजणी मोकळेपणाने बोलल्या. पण अळमी कुठे उगवतात ते एक आजी काही केल्या सांगत नाहीत. ‘माझ्याबरोबर ये, पण फोन घरी ठेव’ असे म्हणतात. शहरातून आलेल्या एका कार्यकर्त्यांच्या मते हा स्वार्थ आहे आणि सर्व जागा नकाशावर टाकायला हव्यात. (गटाची सचिव, सत्तरी)

उत्तर : आजींचे बरोबर आहे.

रोयणीवर, म्हणजे वारुळावर, उगवणारी अळमी वारुळातील वाळवीच्या सहवासातच वाढतात. वाळवी आपल्या वारुळात ही बुरशी पोसते आणि पावसाच्या सुरुवातीला त्यातून छत्र्या वर येतात. त्यांची शेती अजून कुणाला साधलेली नाही. म्हणजे जागा हेच सर्व काही आहे. वारूळ खणले किंवा सगळी अळमी कळ्या असतानाच ओरबाडली, तर पुढच्या वर्षी ती जागा रिकामी. पावसाळ्याच्या तोंडावर बाजारात अळमीला काय भाव येतो ते तुम्हांला ठाऊक आहेच. नकाशा प्रसिद्ध झाला तर त्याचा उपयोग सर्वांत आधी गाडी घेऊन येणारा करील, गटातल्या बायका नव्हेत.

मात्र एका बाबतीत मौन धोक्याचे आहे. अळमी खाण्याजोगी कोणती आणि विषारी कोणती, हे ज्ञान शक्य तितक्या जणींना मिळायला हवे, कारण त्याच्या अभावी माणसे दगावतात. तेव्हा दोन वह्या कराव्यात. ओळख कशी पटवावी, निवडावे कसे, शिजवावे कसे, किती उमलल्यावर काढावे आणि किती जागेवर ठेवावे, हे उघड वहीत. जागा कुठल्याच वहीत नको. त्या आजींबरोबर चालत जाऊन, आजींनी निवडलेल्या मुलींना कळाव्यात. जैवविविधता कायदा, २००२ नुसार पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. तुमची उघड वही तिथे द्यावी आणि गटाचे नाव तिच्यावर घालण्याचा आग्रह धरावा. कार्यकर्त्यांना आजींबरोबर एकदा पाठवावे, अर्थात फोन घरी ठेवून.

प्रश्न : शुक्रवारच्या बाजारात प्रत्येक जण आपली भाजी गावठी असल्याचे सांगतो. त्यातली बरीच घाटावरून, बेळगावहून आलेली असते. सेंद्रिय प्रमाणपत्र असलेलीच भाजी घ्यावी का? २०१८ मध्ये मासळीतील फॉर्मेलिनचे प्रकरण झाल्यापासून कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा तेच कळत नाही. (एक गृहिणी, म्हापसा)

उत्तर : फॉर्मेलिनच्या प्रकरणात काही काळ परराज्यांतील मासळीची आवक थांबवावी लागली, आणि त्या दिवसांत ज्यांच्या घरी दारावर येणारी किंवा किनाऱ्यावर रापणीची (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची) मासळी विकणारी ओळखीची बाई होती, त्यांचे ताट रिकामे राहिले नाही. प्रमाणपत्र जिथे ओळख पोहोचत नाही तिथे उपयोगी. दिल्लीच्या दुकानातल्या गोव्याच्या काजूला ते हवेच. म्हापशाच्या बाजारात तुमच्यासमोर बसलेल्या बाईला ते मिळवण्याचा खर्च झेपणारा नाही आणि त्याची तुम्हांलाही गरज नाही.

गिऱ्हाईकाला थोडे ज्ञान हवे. गावठी भेंडी सात शिरांची, लांब आणि फिकट हिरवी असते. आगशीचे वांगे ज्याने एकदा हातात घेतले तो ते विसरत नाही. माल कमी असतो, आकाराने सारखा नसतो, आणि ज्या भाजीचा हंगाम नाही ती विक्रेतीकडे नसते. जिच्या टोपलीत बारा महिने टोमॅटो आणि फ्लॉवर आहे ती गावठी विकत नाही, आणि तसे तिने सरळ सांगितले तर त्यात गैर काहीच नाही. कुठला गाव, पाणी कशाचे, कीड पडली की काय करता, असे विचारावे. पिकवणारी लांबलचक उत्तर देते आणि बहुधा किडीची तक्रारही करते. केवळ विकणारी ‘एकदम ताजी आहे हो’ म्हणते.

तुमच्या ओळखीचे शेतकरी तयार असतील तर एक मधला मार्ग आहे. केंद्र सरकारच्या पीजीएस-इंडिया या सहभागी हमी पद्धतीत जवळपासच्या गावांतील किमान पाच शेतकरी गट करतात आणि एकमेकांची शेते पाहून हमी देतात. बाहेरच्या निरीक्षकाचे शुल्क त्यात नसते. शेजाऱ्याच्या शेतात जाऊन तपासणी करणे आपल्याकडे अवघड जाते, कारण ‘उगाच वाईटपणा कशाला’ ही आपली सवय आहे. म्हणून अशा फेरीला तुमच्यासारख्या दोन गिऱ्हाइकांनीही जावे. खतांचे रिकामे पोते बांधावर पडले आहे का, एवढे तर कुणालाही दिसते. शिवाय तपासणीला गेलेला शेतकरी दुसऱ्याच्या शेतातून काहीतरी शिकून येतो, आणि माझ्या मते या पद्धतीचा खरा लाभ तोच आहे.

प्रश्न : खोला मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाल्यावर आता तिची लागवड आणि वाळवण यांची माहिती बाहेरच्यांना द्यावी की देऊ नये? (एक उत्पादक, काणकोण)

उत्तर : खुशाल द्यावी. १९९९ च्या कायद्याप्रमाणे हे मानांकन कुणा एकाचे नसते. ते त्या प्रदेशातील उत्पादकांचे असते आणि दर दहा वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. दुसरीकडे कुणी त्याच बियांची मिरची पिकवली तरी तिला ‘खोला’ हे नाव लावून विकता येत नाही. तुम्ही स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली आहे का, ते आधी पाहावे. मानांकन मिळाल्याच्या बातमीने हरखून जाऊन अनेक जण ही नोंदणीच करत नाहीत, आणि मग बनावट मालाविरुद्ध तक्रार करताना अडतात.

प्रश्न : आम्ही सिंधुदुर्गातून येऊन पर्वरीला स्थायिक झालो. भाषा कळते, सण तेच आहेत. यंदा घरी गणपती आणणार असून त्याच्यावर टांगायची फळांची आणि रानवस्तूंची माटोळी बांधायची आहे, पण कोणते सामान कुठून आणावे, हे शेजारी नीट सांगत नाहीत. ‘आमचे घरचे येते’ एवढेच म्हणतात. आम्ही बाहेरचे म्हणून असे होते का? (एक दांपत्य, पर्वरी)

उत्तर : काही अंशी होते, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. घट्ट विणलेल्या समाजात आतल्यांना जेवढे सहज मिळते, तेवढेच बाहेरच्याला कठीण जाते. गावकरीचे एवढे गोडवे आपण गातो, पण तिच्यात जोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, मिळत असे ती गावकारांच्या वंशातील पुरुषांना. बांधावर चिखल वाहणाऱ्या बायकांना आणि गावात नंतर आलेल्या कुटुंबांना तिच्यात आवाज नव्हता. तुमच्या शेजाऱ्यांच्या बाबतीत मात्र कारण साधे असण्याची शक्यता अधिक आहे. सामान त्यांच्या घरी खरोखरच सासुरवाडीच्या कुळागरातून (नारळ-सुपारीच्या बागेतून) किंवा ठरलेल्या माणसाकडून येते आणि त्यांनाही त्यातील निम्म्या फळांची नावे ठाऊक नसतात.

नारळाची पेंड, सुपारीचा शिपटा, केळीचा घड आणि तोरिंजन कुठेही मिळेल. कांगण्या, कवंडळ, घागऱ्या अशा रानवस्तू आणणाऱ्या बायका चतुर्थीच्या आदल्या एक-दोन दिवसांत म्हापसा, डिचोली आणि फोंडा इथल्या माटोळीच्या बाजारात बसतात. पहाटे जावे, तेव्हा त्यांना बोलायला सवड असते. दहानंतर नुसती घासाघीस चालते. जुड्या तयार मिळतात, पण एकेक वस्तू वेगळी घ्यावी आणि प्रत्येकीचे नाव, ती रानात कुठे वाढते आणि माटोळीला कोणत्या बाजूने बांधतात ते विचारावे. एकाच बाईकडून सर्व खरेदी करावी, भाव फार पाडू नये आणि तिचा गाव विचारून ठेवावा. तुमच्याकडे, म्हणजे सावंतवाडी-कुडाळकडे, याच मंडपीला काय काय बांधतात तेही तिला सांगावे. तिकडची एखादी वस्तू इकडे कुणी बांधत नसेल तर ती दोन अधिक आणून एक शेजाऱ्यांना द्यावी.